रूट कॅनाल उपचार : दातातील नलिका निर्जंतुक कशा होतात?

दाढ ठणकू लागली की आदिलाबाद जिल्ह्यात पहिला उपाय घरातच होतो. लवंगेच्या तेलाचा बोळा दातात धरला जातो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या होतात. तेवढ्याने भागले नाही तर औषधाच्या दुकानातून वेदनाशामक आणि प्रतिजैविक गोळ्या येतात. दुखणे काही दिवस दबते आणि पुन्हा डोके वर काढते. अखेर दंतवैद्याकडे गेल्यावर रुग्णापुढे दोन मार्ग उरतात : दात काढून टाकणे किंवा रूट कॅनाल उपचार करून तो वाचवणे. दुसरा मार्ग खर्चिक असतो आणि बहुधा दोन-तीन खेपांचा. बेला, जैनद, तामसी यांसारख्या सीमेलगतच्या मंडलांतील गावांहून आदिलाबाद शहर गाठणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणे. गुंतागुंतीच्या दातासाठी विशेषज्ञ हवा असेल तर राष्ट्रीय महामार्ग 44 वरून उत्तरेला सुमारे 200 किलोमीटरवरील नागपूर किंवा दक्षिणेला सुमारे 300 किलोमीटरवरील हैदराबाद गाठावे लागते.

अशा परिस्थितीत हा उपचार नेमका कशासाठी केला जातो, हे रुग्णाला ठाऊक असणे महत्त्वाचे ठरते. रूट कॅनाल म्हणजे ‘दाताची नस काढून सिमेंट भरणे’ असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात नस काढणे ही सुरुवात आणि भरणे हा शेवट. या दोहोंमध्ये नलिका निर्जंतुक करण्याचे जे काम होते, त्यावर दाताचे भवितव्य ठरते. ते काम अर्धवट राहिले तर वरची भरणी कितीही चांगली असली तरी दात पुन्हा दुखू शकतो.

दाताच्या आत काय असते?

दाताचे बाहेरचे कवच इनॅमलचे, त्याखालचा थर डेंटिनचा आणि मध्यभागी मऊ दंतमज्जा अशी दाताची रचना असते. दंतमज्जेत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. ती दाताच्या मुळांमधील अरुंद नलिकांतून खाली उतरते आणि मुळाच्या टोकाशी जबड्याच्या हाडातील रक्तपुरवठ्याला जोडली जाते. या नलिकांनाच रूट कॅनाल म्हणतात.

नलिका म्हटल्यावर सरळ नळी डोळ्यांपुढे येते. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. झुरिचचे वॉल्टर हेस यांनी 1925 च्या सुमारास हजारो दातांच्या अंतर्भागाचे नमुने तयार करून दाखवले, की या नलिकांना फाटे फुटतात, त्या एकमेकींना मिळतात आणि टोकाशी त्यांचे बारीक उपफाटे होतात. खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन किंवा चार नलिका असतात. वरच्या पहिल्या दाढेत गालाकडील पुढच्या मुळात दुसरी लपलेली नलिका अनेकदा सापडते. ती निसटली तर संसर्ग तेथेच राहतो. शिवाय नलिकेच्या भिंतीत, म्हणजे डेंटिनमध्ये, असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात आणि जिवाणू त्यांतही शिरतात. निर्जंतुकीकरण अवघड का, याचे मूळ या रचनेत आहे.

कारण जिवाणूच

‘दाताला कीड लागली’ असे आपण म्हणतो. दातात खरोखर अळी असते आणि ती काढता येते, असे सांगणारे फिरते वैदू एकेकाळी बाजारांतून दिसत. वास्तविक ही ‘कीड’ म्हणजे जिवाणूंनी तयार केलेल्या आम्लामुळे दाताची होणारी झीज होय. ती दंतमज्जेपर्यंत पोचली की मज्जेला सूज येते; पुढे मज्जा मरते आणि मृत अवशेषांवर जिवाणू पोसले जातात.

बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर यांनी 1894 मध्ये रोगग्रस्त दंतमज्जेत जिवाणू असल्याचे दाखवले. निर्णायक पुरावा मात्र 1965 मध्ये अमेरिकेत मिळाला. काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड या संशोधकांनी दोन प्रकारच्या उंदरांची दंतमज्जा उघडी पाडली. नेहमीच्या वातावरणातील उंदरांची मज्जा सडली आणि मुळाशी गळवे झाली. पूर्णतः जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या तोंडात मात्र अन्नाचे कण अडकूनही मज्जा जिवंत राहिली आणि जखम भरू लागली. मुळाशी होणाऱ्या आजाराचे कारण जिवाणू आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

गोळ्यांनी संसर्ग का जात नाही?

प्रतिजैविक औषध रक्तातून शरीरभर पोचते. परंतु दंतमज्जा मेली की नलिकेतला रक्तपुरवठा संपतो. जेथे रक्त जात नाही, तेथे गोळीतले औषधही पोचत नाही. मुळाबाहेरच्या ऊतींतील सूज त्यामुळे उतरू शकते, पण नलिकेतील जिवाणूंचा साठा तसाच राहतो. म्हणून गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांनी दुखणे परतते. दरवेळी असे केल्याने जिवाणू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोकाही वाढतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही सर्वसाधारण दातदुखीवर प्रतिजैविकांपेक्षा प्रत्यक्ष दंतोपचाराला प्राधान्य द्यावे, असे म्हटले आहे. ताप, चेहऱ्यावर पसरणारी सूज अशी लक्षणे असतील तेव्हा प्रतिजैविके आवश्यक असतात. मात्र तेव्हाही ती उपचाराला पूरक असतात, पर्याय नव्हेत.

पहिली पायरी : लाळ बाहेर ठेवणे

नलिका धुताना तिच्यात लाळ शिरत असेल तर धुण्याला अर्थ राहत नाही, कारण लाळेत जिवाणूंची संख्या प्रचंड असते. त्यासाठी ‘रबर डॅम’ वापरतात. पातळ रबरी पडद्याला भोक पाडून त्यातून फक्त उपचाराचा दात वर काढला जातो आणि बाकीचे तोंड झाकले जाते. न्यूयॉर्कचे दंतवैद्य सॅनफर्ड बार्नम यांनी 1864 मध्ये ही पद्धत आणली. साधन स्वस्त आहे, पुढील सर्व पायऱ्यांचा आधार आहे आणि बारीक उपकरण किंवा दाहक द्रावण घशात जाण्याचा धोकाही ते टाळते. रबर डॅम लावण्यापूर्वी किंवा लावल्यानंतर कीड पूर्ण काढून टाकणे आणि गळकी जुनी भरणी बदलणे, हेही याच पायरीत येते.

उपकरणांचे निर्जंतुकीकरण हा वेगळा पण तितकाच महत्त्वाचा भाग आहे. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश सेल्सिअस तापमानाच्या दाबयुक्त वाफेत सुमारे 15 मिनिटे ठेवल्यावर उपकरणे जंतुमुक्त होतात. केवळ गरम पाण्यात उकळणे त्याची जागा घेऊ शकत नाही; काही जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात.

दुसरी पायरी : फाइलने खरवडणे

सुईसारख्या बारीक ‘फाइल’ नलिकेत फिरवून मृत मज्जा आणि भिंतीवरचा संसर्गित थर काढला जातो. पूर्वी त्या हाताने फिरवत. आता निकेल-टायटॅनियमच्या लवचीक फाइल यंत्रावर फिरतात आणि वाकड्या नलिकेतही उतरतात. नलिकेची लांबी ‘एपेक्स लोकेटर’ हे विद्युत उपकरण व क्ष-किरण चित्र यांच्या आधारे ठरवतात.

पण खरवडणे पुरेसे नसते. स्वीडनमधील बिस्ट्रॉम आणि सुंडक्विस्ट यांनी 1981 मध्ये केवळ फाइल व मिठाचे पाणी वापरून उपचार केले, तेव्हा जिवाणूंची संख्या शंभर ते हजार पटींनी घटली. तरी जवळपास निम्म्या दातांत ते शिल्लक राहिले. कारण पुढे सूक्ष्म त्रिमितीय चित्रणातून कळले. झुरिचमध्ये पीटर्स व सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कोणतीही फाइल वापरली तरी नलिकेच्या भिंतीचा 35 टक्के किंवा त्याहून अधिक भाग अस्पर्शित राहिल्याचे आढळले. फाइल वाट मोकळी करते. उरलेल्या जागी द्रावणालाच पोचावे लागते.

तिसरी पायरी : द्रावणांनी धुणे

या कामातील प्रमुख द्रावण म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. पहिल्या महायुद्धात 1915 मध्ये रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन आणि शल्यचिकित्सक अलेक्सिस कॅरेल यांनी सैनिकांच्या सडणाऱ्या जखमा धुण्यासाठी त्याचे सुमारे अर्धा टक्का तीव्रतेचे द्रावण वापरले. पुढील काही दशकांत ते दंतवैद्यकात रुळले. आज अर्धा टक्का ते सुमारे 6 टक्के अशा वेगवेगळ्या तीव्रतेत ते वापरले जाते. त्याचे वैशिष्ट्य दुहेरी आहे : ते जिवाणू मारते आणि मृत मज्जेचे अवशेष विरघळवतेही. दुसरे कोणतेही प्रचलित द्रावण ही दोन्ही कामे इतक्या परिणामकारकपणे करत नाही. नलिकेत त्याचा क्लोरीन लवकर खर्ची पडतो. म्हणून एकदाच पुष्कळ द्रावण ओतण्याऐवजी ताजे द्रावण पुनःपुन्हा सोडावे लागते.

आदिलाबादच्या हवामानाशी याचा थेट संबंध आहे. या भागात उन्हाळ्यात पारा 44 अंशांपलीकडे जातो. हायपोक्लोराइटमधील क्लोरीन उष्णता, प्रकाश आणि हवेच्या संपर्काने कमी होत जातो. उन्हात आलेली, पत्र्याच्या छताखाली साठवलेली किंवा वारंवार उघडलेली बाटली लेबलवरील तीव्रतेची राहीलच असे नाही. ते गडद रंगाच्या, घट्ट बंद बाटलीत, थंड जागी ठेवणे आणि मुदतीत संपवणे हा या द्रावणाचा साधा नियम आहे.

उष्णतेची दुसरी बाजूही आहे. साठवताना हानिकारक ठरणारी ऊब वापरण्याच्या क्षणी उपयोगी पडते. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 45 अंशांपर्यंत तापवलेल्या 1 टक्का हायपोक्लोराइटने दंतमज्जा जितकी विरघळवली, तितकीच ती 20 अंशांवरील 5.25 टक्के द्रावणाने विरघळवली. तीव्रता न वाढवता परिणाम वाढवण्याचा हा स्वस्त मार्ग आहे.

फाइल फिरवताना डेंटिनचा भुगा भिंतीवर लेपासारखा बसतो आणि सूक्ष्म छिद्रांची तोंडे बुजतात. हायपोक्लोराइट हा लेप काढू शकत नाही, कारण त्यात कॅल्शियमचे क्षार असतात. त्यासाठी ईडीटीए वापरतात. नॉर्वेचे नायगार्ड-ओस्टबी यांनी 1957 मध्ये ते दंतवैद्यकात आणले. सामान्यतः 17 टक्के तीव्रतेचे द्रावण शेवटच्या टप्प्यात मिनिटभर वापरले जाते.

तिसरे द्रावण क्लोरहेक्सिडिन. 2 टक्के तीव्रतेत ते जिवाणूंवर प्रभावी असते आणि डेंटिनला चिकटून काही काळ काम करत राहते. परंतु मृत मज्जा विरघळवत नाही. हायपोक्लोराइटशी त्याचा थेट संयोग झाल्यास तपकिरी साका तयार होतो, जो छिद्रे बुजवतो आणि दाताला डाग पाडतो. म्हणून दोहोंच्या मध्ये नलिका धुऊन कोरडी करावी लागते.

हायपोक्लोराइट उपयुक्त असले तरी निरुपद्रवी नाही. सुई नलिकेत घट्ट अडकवून जोराने दाबल्यास ते मुळाच्या टोकाबाहेर जाते; तत्क्षणी तीव्र कळ, झपाट्याने सूज आणि पुढे त्वचेवर काळेनिळे व्रण दिसतात. म्हणून बाजूला छिद्र असलेली बारीक सुई सैल ठेवून, टोकापासून थोडी अलीकडे, हळूहळू दाब देत द्रावण सोडतात. घरातील ब्लीचिंगच्या द्रावणाने दातावर प्रयोग करणे तर सर्वथा धोक्याचे आहे.

द्रावण कोपऱ्यांपर्यंत पोचवणे

सुईतून सोडलेले द्रावण तिच्या टोकाच्या फारसे पुढे जात नाही आणि मुळाच्या टोकाशी हवेचा बुडबुडा अडकून राहू शकतो. त्यावर मात करण्याच्या अनेक पद्धती आहेत. सर्वांत साधी म्हणजे नलिकेच्या मापाची गुट्टा-पर्चाची काडी द्रावणात वरखाली हलवणे. त्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. अल्ट्रासोनिक पद्धतीत बारीक तार अतिवेगाने कंप पावते आणि द्रावणात भोवरे निर्माण करून फाट्यांमधील अवशेष सैल करते. ऋणदाबाच्या पद्धतीत मुळाच्या टोकापासून द्रावण शोषून घेतले जाते. त्यामुळे ते बाहेर जाण्याचा धोका कमी होतो. लेसरही वापरले जातात : अर्बियम लेसर द्रावणाला वेगाने हलवतो, तर प्रकाश-सक्रिय उपचारात रंगद्रव्यावर प्रकाश टाकून जिवाणू मारले जातात. महागडी उपकरणे पूरक म्हणून उपयोगी असली तरी त्यांच्यापैकी कोणतेही हायपोक्लोराइटची जागा घेत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या साध्या दवाखान्यातही मूलभूत पायऱ्या नीट पाळल्या तर चांगला उपचार होऊ शकतो.

दोन भेटींमधले औषध

उपचार एका बैठकीत पूर्ण होत नसेल तर रिकामी नलिका तशीच सोडत नाहीत. उरलेले जिवाणू तेथे पुन्हा वाढतात. जर्मनीचे हर्मान यांनी 1920 मध्ये दंतवैद्यकात आणलेले कॅल्शियम हायड्रॉक्साइड यासाठी सर्वाधिक वापरले जाते. रसायन म्हणून ते भिजवलेल्या चुन्याच्याच जातीचे. मात्र औषधी शुद्धतेचे आणि मोजून वापरायचे. त्याचा सामू सुमारे 12.5 असतो आणि त्या तीव्र अल्कधर्मी वातावरणात बहुतेक जिवाणू तग धरत नाहीत. विड्याचा चुना किडलेल्या दातात भरण्याशी याचा काही संबंध नाही. त्याने हिरडी व गाल भाजतात. एंटरोकॉकस फिकॅलिस हा चिवट जिवाणू मात्र कॅल्शियम हायड्रॉक्साइडलाही तोंड देऊ शकतो. एकदा केलेला रूट कॅनाल फसलेल्या दातांत तो वारंवार सापडतो.

मुलांच्या पूर्ण वाढ न झालेल्या मुळांसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल व मिनोसायक्लिन यांचे मिश्रण वापरण्याची पद्धत जपानमधील संशोधनातून 1990 च्या दशकात पुढे आली. मिनोसायक्लिनमुळे दात काळवंडतो, म्हणून ते वगळून दोनच औषधांचे मिश्रणही वापरतात. पूर्वी सर्रास वापरले जाणारे फॉर्मोक्रेसॉल त्यातील फॉर्मल्डिहाइडच्या विषारीपणामुळे मागे पडले आहे.

कडुनिंब, त्रिफळा यांसारख्या वनस्पतींच्या अर्कांवर भारतात प्रयोगशाळांतून बरेच काम झाले आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्रिफळा व ग्रीन टीच्या अर्कांनी एंटरोकॉकसवर चांगला परिणाम दाखवला. तरी सर्वाधिक प्रभावी हायपोक्लोराइटच ठरले. प्रयोगशाळेतील यश म्हणजे रुग्णाच्या दातातील यश नव्हे. कडुनिंबाची काडी दात घासायला ठीक आहे. नलिकेतील संसर्गावर ती उपाय नाही.

एक बैठक की अनेक?

दूरच्या रुग्णासाठी हा कळीचा प्रश्न आहे. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत पहिल्या बैठकीनंतर दुखणे थांबले की दुसरी खेप लांबणीवर पडणे स्वाभाविक आहे. परंतु दातावर लावलेली तात्पुरती भरणी काही आठवड्यांसाठीच असते. ती झिजली किंवा फुटली की लाळ आत शिरते आणि केलेले सर्व निर्जंतुकीकरण वाया जाते. दुखत नाही याचा अर्थ दात बरा झाला असा नाही. मज्जा काढल्याने वेदनेची जाणीव गेलेली असते, संसर्ग नव्हे.

उपलब्ध संशोधनाचा कॉक्रेन या संस्थेने घेतलेला आढावा सांगतो, की एका बैठकीत आणि अनेक बैठकींत पूर्ण केलेल्या उपचारांच्या यशात ठळक फरक आढळत नाही. एका बैठकीनंतर पहिल्या आठवड्यात दुखण्याची शक्यता मात्र काहीशी अधिक असते. म्हणजेच पुन्हा येणे कठीण असेल तर रुग्णाने ते सुरुवातीलाच सांगावे. नलिका कोरडी होत असेल आणि वेळ पुरेसा असेल तर दंतवैद्य एका बैठकीचा विचार करू शकतो. पू येत असेल किंवा मोठी सूज असेल तर दोन बैठका टाळता येत नाहीत.

शेवट : पक्की बंदिस्ती

धुऊन कोरडी केलेली नलिका गुट्टा-पर्चा या झाडाच्या चिकापासून केलेल्या पदार्थाने व सीलरने भरली जाते. निर्जंतुकीकरण आधी किती साधले, यावर या भरणीचे यश अवलंबून असते. स्वीडनमध्ये 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भरण्याच्या वेळी नलिकेत जिवाणू आढळले नव्हते अशा दातांपैकी 94 टक्के पाच वर्षांच्या पाठपुराव्यात बरे झालेले दिसले. जिवाणू आढळले होते त्यांपैकी 68 टक्के. त्यानंतर वरची पक्की भरणी आणि दाढेवर बहुधा कॅप आवश्यक असते. पैशांअभावी कॅप लांबणीवर टाकल्यास दाढ चिरण्याचा आणि संसर्ग परतण्याचा धोका राहतो.

रुग्णाने काय विचारावे?

उपचार सुरू होण्यापूर्वी काही प्रश्न विचारणे हा रुग्णाचा अधिकार आहे. रबर डॅम लावणार का? उपकरणे ऑटोक्लेव्ह केलेली आहेत का? नलिका कोणत्या द्रावणाने धुणार? एकूण किती बैठका लागतील आणि तात्पुरती भरणी किती दिवस टिकेल? कॅपसह पूर्ण खर्च किती? उपचारानंतरचे क्ष-किरण चित्र मिळेल का? ते चित्र आणि केलेल्या कामाची नोंद जपून ठेवावी. पुढे नागपूर किंवा हैदराबादच्या शासकीय दंत महाविद्यालयात जावे लागले तर तेथील डॉक्टरांना त्यांचा उपयोग होतो. मधुमेह, हृदयविकार, गर्भारपण किंवा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास ती आधीच सांगावी.

काही लक्षणे मात्र थांबण्याची नसतात. जबड्याखाली किंवा मानेकडे पसरणारी सूज, तोंड उघडता न येणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, थंडी वाजून ताप – यांपैकी काहीही दिसल्यास गोळ्यांवर विसंबून न राहता आदिलाबादच्या राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या म्हणजे रिम्सच्या रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात तातडीने जावे. दातातला संसर्ग मानेत उतरला तर तो जिवावर बेतू शकतो.

कीड लहान असतानाच साधी भरणी करून घेतली तर या उपचाराची वेळच येत नाही. ती वेळ आलीच, तर अर्ध्यावर सोडलेला रूट कॅनाल रुग्णाचे पैसे घेतो आणि शेवटी दातही नेतो. म्हणून पहिल्या बैठकीला जातानाच शेवटच्या बैठकीचा दिवस आणि खर्च ठरवून घेणे हितावह ठरते.